इंग्लिश शब्दाचे तुकडे कसे पाडायचे: उच्चार आणि स्पेलिंग, दोन्हीसाठी

आपल्या गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला हायस्कूलमध्ये गेली की एकदम सायन्स इंग्लिश, इतिहास इंग्लिश, गणिताची उदाहरणं पण इंग्लिश. तिथं मूल अडखळतं ते अर्थ कळत नाही म्हणून कमी आणि लांब शब्द समोर आला की तो धरायचा कुठून हेच कळत नाही म्हणून जास्त. मग पहिली दोन अक्षरं बघून उरलेला शब्द अंदाजानं ठोकायचा, आणि स्पेलिंग मात्र गाणं पाठ केल्यासारखं पाठ करायचं, जे परीक्षेत मधलंच एक अक्षर विसरलं की सगळं कोसळतं. यावर उपाय आहे आणि तो ट्युशन न लावता घरी करता येतो, शब्दाचे सिलॅबल पाडायला शिकायचं. हे मी मुलांच्या आईबाबांसाठी लिहितोय, पण हॉटेलात रिसेप्शनला असाल, टॅक्सी चालवत असाल, सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत असाल तरी तेवढंच उपयोगी पडेल.

आधी एक खूण ठरवून घेऊ. स्पेलिंग देताना अक्षरांच्या मध्ये आडवी रेघ घालतो आणि जिथं तुकडा पडतो तिथं तिरपी रेघ. म्हणजे मार्केट: एम-ए-आर / के-ई-टी. वाचताना शेजारी वही ठेवा आणि शब्द इंग्लिशमध्ये लिहीत जा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

सिलॅबल म्हणजे शब्दाचा असा तुकडा ज्यात स्वराचा आवाज एकच असतो. बस एवढंच. व्यंजनं कितीही असोत, ती मोजायची नाहीत. 'स्ट्रेंग्थ्स' हा शब्द बघा, एस-टी-आर-ई-एन-जी-टी-एच-एस, नऊ अक्षरं, पण स्वर एकटा ई, म्हणून तुकडा एक. आणि 'एरिया' चारच अक्षरांचा, ए-आर-ई-ए, तरी तुकडे तीन.

मराठी माणसाच्या कानाला हे नवीन नाही. मडगाव लिहिताना अक्षरं चार, पण बोलताना मड-गाव असे दोनच तुकडे पडतात, आणि डिचोली तीन अक्षरं, तुकडे पण तीन, डि-चो-ली. म्हणजे लिहिलेलं अक्षर आणि बोललेला तुकडा वेगळा असतो हे आपण रोज करतो, फक्त तिकडं लक्ष देत नाही. भजनात मात्र वेगळं असतं हां, तिथं मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार असे लिहिलेल्या अक्षरांवर मोजतात आणि 'घर' ची दोन अक्षरं धरतात. ती सवय इंग्लिशला लावू नका, इथं कानाला जे ऐकू येतं तेच मोजायचं.

पहिली पायरी: कान, कागद नंतर

हनुवटीखाली हात धरा आणि शब्द सावकाश म्हणा. स्वर आला की जबडा खाली येतो आणि हाताला टेकतो, जितक्या वेळा टेकला तितके तुकडे. नॅपकिन म्हणा, दोनदा. कार्निव्हल म्हणा, तीनदा. लहान मुलांना टाळी वाजवून पण चालतं, पण टाळीत मुलं कधीकधी आधी आकडा ठरवतात आणि मग त्याला जुळेल असा शब्द ओढतात, म्हणून मला हनुवटीची पद्धत जास्त भरवशाची वाटते.

याच पायरीत आपल्या उच्चारातली एक जुनी खोड सापडते, जोडाक्षरात जादाचा स्वर घुसवायची. 'फिल्म' एका तुकड्याचा शब्द, आपण 'फिलिम' म्हणतो आणि दोन होतात. 'स्कूल' चं 'इस्कूल', तिथं पण एकाचे दोन. हाताला जबडा जास्त वेळा टेकतोय असं दिसलं की समजायचं स्वर घुसला. ओरडायची गरज नसते, मुलाच्या स्वतःच्या हातालाच ते कळतं.

दुसरी पायरी: स्वरांखाली टिंब

आता कागदावर. शब्दातल्या ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांखाली टिंब द्या. वाय शब्दाच्या सुरुवातीला असेल तर तो व्यंजन, 'येस' मधल्यासारखा, पण शेवटी किंवा मध्ये असेल तर बहुतेक स्वर, 'फेरी' मधला, एफ-ई-आर / आर-वाय.

मग दोन गोष्टी करायच्या. शेवटचा ई बोलला जात नसेल तर त्याचं टिंब खोडायचं, 'मेक' म्हणजे एम-ए-के-ई यात ई मुका आहे पण त्याच्यामुळं आधीचा ए लांब झालाय. अपवाद असतातच, आपल्या गावोगावच्या 'कॅफे' च्या पाटीवरचा ई बोलतो कारण शब्द फ्रेंचमधून आलाय. दुसरी गोष्ट म्हणजे दोन-तीन स्वर मिळून एकच आवाज करत असतील तर त्यांना एका वर्तुळात घ्यायचं. 'बोट' मधले ओ-ए, 'बीच' मधले ई-ए. 'ब्युटिफुल' मध्ये बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल, टिंबं पाच पडतात, पण ई-ए-यू तिघं एकाच वर्तुळात, म्हणून तुकडे तीन: बी-ई-ए-यू / टी-आय / एफ-यू-एल. आता हे स्पेलिंग पाठ करायला किती सोपं झालं बघा, अवघड भाग फक्त पहिला आहे, बाकीचे दोन जसे ऐकू येतात तसेच लिहायचे.

शेजारी बसलेले सगळेच स्वर मात्र जोडीचे नसतात. 'लायन' मध्ये एल-आय / ओ-एन, 'रेडिओ' मध्ये आर-ए / डी-आय / ओ, 'म्युझियम' मध्ये एम-यू / एस-ई / यू-एम. इथं दोन स्वरांमधूनच कापायचं. कसं ओळखायचं, तर पहिल्या पायरीवरून, कानानं तीन सांगितले आणि कागदावर दोनच पडले तर कुठलीतरी जोडी फोडायची राहिलीय.

तिसरी पायरी: नेमकं कापायचं कुठं

दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजनं असली तर मधोमध कापा. डी-आय-एन / एन-ई-आर, एन-ए-पी / के-आय-एन, पी-ए-एस / एस-ई-एन / जी-ई-आर. तीन व्यंजनं असली तर त्यातली जी एकत्र नीट बोलता येतात ती एकत्र ठेवायची, एच-यू-एन / डी-आर-ई-डी, सी-ओ-यू-एन / टी-आर-वाय. आणि एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच, सी-के या जोड्यांचा आवाज एकच असतो, त्यांच्या मधून कधीच कापायचं नाही. 'फिशरमन' म्हणजे एफ-आय-एस-एच / ई-आर / एम-ए-एन.

डबल अक्षराबद्दल थोडं थांबून सांगतो कारण आपली गल्लत तिथं हमखास होते. मराठीत 'पक्का' मधले दोन क आपण खरोखर दोन बोलतो. इंग्लिशमध्ये डिनर मध्ये दोन एन लिहितात पण बोलायचा एकच, 'डिन्नर' नाही, 'समर' चं 'सम्मर' नाही. मग दुसरा एन कशाला? तर आधीच्या स्वराला आखूड ठेवायला. एक एन काढा, डी-आय / एन-ई-आर, आय उघडा पडला आणि शब्द झाला 'डायनर', म्हणजे जेवणारा गिऱ्हाईक. तसंच 'सुपर' मध्ये एक पी आणि 'सपर' मध्ये दोन. मेनूकार्ड छापणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लावून ठेवावं.

हीच उघड्या-बंद तुकड्याची गोष्ट जरा नीट घ्या, कारण अर्धं स्पेलिंग यावर उभं आहे. तुकडा स्वरावर संपला तर तो उघडा, आणि त्याच्यावर जोर असेल तर स्वर सहसा आपलं नाव सांगतो, ए म्हणजे ए, आय म्हणजे आय. तुकडा व्यंजनावर संपला तर तो बंद, स्वर आखूड. आता दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तेव्हा पंचाईत होते, कापायचं व्यंजनाच्या आधी की नंतर? 'ड्रायव्हर' मध्ये आधी: डी-आर-आय / व्ही-ई-आर. 'रिव्हर' मध्ये नंतर: आर-आय-व्ही / ई-आर. दोघांचं स्पेलिंग इतकं सारखं आणि उच्चार वेगळा. 'व्हिसा' चं व्ही-आय / एस-ए आणि 'व्हिजिट' चं व्ही-आय-एस / आय-टी, पुन्हा तेच. यासाठी पक्का नियम नाही, पण पद्धत आहे: अनोळखी शब्द असला तर आधी व्यंजनाच्या आधी कापून म्हणून बघा, ओळखीचा वाटला नाही तर व्यंजनानंतर कापून म्हणा. टायगर, पायलट, म्युझिक, रोबो हे पहिल्या झटक्यात सापडतात, लेमन, सॅलड, लिमिट, केबिन दुसऱ्या झटक्यात. मुलांना दोन्ही उच्चार मोठ्यानं करू द्या, 'लीमन' म्हणून झालं की ती स्वतःच लेमनवर येतात.

आर ला आधीच्या स्वरापासून तोडू नका जेव्हा त्याच्या पुढं दुसरं व्यंजन असतं, मार्केट, कार्निव्हल, पर्सन, सगळीकडं ए-आर आणि ई-आर एकत्रच.

शेवटी एल-ई असेल तर मागून तीन अक्षरं मोजून कापा. टी-ए / बी-एल-ई. बी-ओ-टी / टी-एल-ई. हा ई बोलला जात नाही तरी त्याला खोडायचं नाही, हा तुकडा त्याच्यामुळंच मोजला जातो. टेबलमध्ये पहिला तुकडा उघडा म्हणून एकच बी, बॉटलमध्ये बंद म्हणून दोन टी, त्यामुळं 'एक लिहू की दोन' हा प्रश्न कान सोडवतो. 'ट्रिपल' आणि 'डबल' इथं बसत नाहीत, ते तसेच लक्षात ठेवायचे.

चौथी पायरी: लांब शब्द दोन्ही टोकांनी

लांब शब्दाला सुरुवातीपासून भिडू नका. आधी शेपूट काढा: टी-आय-ओ-एन, एम-ई-एन-टी, एफ-यू-एल, एन-ई-एस-एस, आय-टी-वाय. मग डोकं: यू-एन, आर-ई, डी-आय-एस, पी-आर-ई. मधे उरतं ते सहसा ओळखीचं असतं. जोडशब्द असला, टूथब्रश, रेल्वे, सनसेट, तर आधी जोडावर कापा, बाकीचे नियम नंतर.

म्हापशाच्या लोकांच्या रोजच्या तोंडातला 'म्युनिसिपालिटी' घेऊ. बारा अक्षरं, बघूनच मूल घाबरतं. शेपूट आय-टी-वाय काढली, त्याचे दोन तुकडे. उरलं एम-यू-एन-आय-सी-आय-पी-ए-एल, त्याच्यात स्वर चार. एकूण सहा: एम-यू / एन-आय / सी-आय / पी-ए / एल-आय / टी-वाय. एकेक तुकडा दोन अक्षरांचा, पहिलीतलं मूल वाचेल असा. पणजीवाल्यांनी 'कॉर्पोरेशन' घ्यावा, सी-ओ-आर / पी-ओ / आर-ए / टी-आय-ओ-एन.

पाचवी पायरी: जोर कुठं

हे बहुतेक जण गाळतात आणि मग तुकडे बरोबर असून पण बोलणं समोरच्या फॉरेनरला कळत नाही. मराठीत आपण सगळे तुकडे जवळपास सारख्याच वजनानं बोलतो. इंग्लिशमध्ये प्रत्येक लांब शब्दात एक तुकडा जोरात, लांब आणि स्पष्ट, बाकीचे दबलेले. हॉटेलमध्ये जोर दुसऱ्या तुकड्यावर, हो-टेल. बनानामध्ये मधल्या 'ना' वर. फोटोग्राफ मध्ये पहिल्यावर, फोटोग्राफर मध्ये दुसऱ्यावर, आणि फोटोग्राफिक मध्ये तिसऱ्यावर, म्हणजे शब्दाला शेपूट लागली की जोर सरकतो.

तो कुठं सरकतो याचे काही नियम बऱ्यापैकी भरवशाचे आहेत. शेवट 'शन' किंवा 'इक' असेल तर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर: स्टेशनमध्ये 'स्टे' वर, इन्फर्मेशनमध्ये 'मे' वर, इकॉनॉमिकमध्ये 'नॉ' वर. शेवट 'इटी' असेल तर पण त्याच्या आधीच्यावर, म्हणून म्युनिसिपालिटीत जोर 'पॅ' वर येतो. आणि एकच स्पेलिंग नाम आणि क्रियापद दोन्ही असेल तर नामाला बहुधा पहिल्यावर आणि क्रियापदाला दुसऱ्यावर, 'रेकॉर्ड' हा कागद आणि 'रिकॉर्ड' करणं, 'प्रेझेंट' ही भेटवस्तू आणि 'प्रिझेंट' करणं. वहीत जोराच्या तुकड्याखाली रेघ मारायची सवय लावा.

दबलेल्या तुकड्यातला स्वर मात्र पुसट होऊन आपल्या मराठी 'अ' सारखा होतो, लिहिलेलं ए असो, ई असो की ओ. टीचर, डॉक्टर, कॅलेंडर, तिघांचा शेवट ऐकायला एकच, लिहायला ई-आर, ओ-आर, ए-आर. स्पेलिंगच्या चुका बघाल तर बहुतेक याच जागी होतात. इथं युक्ती अशी की त्याच घरातला दुसरा शब्द शोधायचा जिथं तो तुकडा जोरात बोलला जातो. 'लोकल' च्या शेवटी ए-एल की ई-एल कळत नाही? 'लोकॅलिटी' म्हणा, 'कॅ' स्पष्ट ऐकू येतो, म्हणजे ए. 'म्युनिसिपल' चं पण तसंच, म्युनिसिपालिटीतला 'पॅ' सांगतो. 'ग्रामर' चा शेवट 'ग्रमॅटिकल' सांगतो. सगळ्या शब्दांना असा नातेवाईक मिळत नाही, पण मिळतो तिथं तो शब्द जन्मभर चुकत नाही.

आता स्पेलिंग

नियम सोपा: शब्द म्हणा, तुकडे मोजा, वहीवर तितक्या आडव्या रेघा मारा आणि एकेका रेघेवर एकेक तुकडा लिहा. प्रत्येक रेघेवर स्वर आहे का बघा, नसेल तर काहीतरी गळलंय.

सगळीकडच्या पाट्यांवर चुकणारा शब्द घ्या, 'ट्युशन'. आपण दोन तुकडे बोलतो म्हणून आय गाळून लिहितो. खरे तुकडे तीन: टी-यू / आय / टी-आय-ओ-एन, ट्यु-इ-शन. एकदा तीन म्हणायला लागलात की तो मधला आय सुटणार नाही. 'गव्हर्नमेंट' ला आपण 'गव्हर्मेंट' म्हणतो आणि एन खातो, जी-ओ-व्ही / ई-आर-एन / एम-ई-एन-टी, 'एन्व्हायरन्मेंट' मध्ये पण एम च्या आधीचा एन असाच खाल्ला जातो. 'रेस्टॉरंट' चे आर-ई-एस / टी-ए-यू / आर-ए-एन-टी. पंचायतीतला 'सेक्रेटरी', एस-ई-सी / आर-ई / टी-ए-आर / वाय. 'मेंटेनन्स' मध्ये मधला तुकडा टी-ई, 'मेंटेन' सारखा टी-ए-आय नाही, हे कापल्यावरच दिसतं.

काही शब्दांत उलटं असतं, बोलताना तुकडा गिळला जातो आणि लिहिताना ठेवावा लागतो. 'वेन्झडे' बोलायचं पण लिहिताना मनात वेड-नेस-डे. 'चॉकलेट' दोन तुकड्यांत बोलतात, लिहिताना चॉ-को-लेट. 'बिझनेस' ला मनात बि-झि-नेस. फेब्रुवारीत आपली सोय आहे, इंग्लिश बोलणारे पहिला आर खातात पण मराठीत आपण तो 'ब्रु' मध्ये नीट बोलतो, म्हणून मराठीच आठवायचं. मनातला उच्चार आणि तोंडातला उच्चार वेगळा ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त मुलाला सांगा की कुठला कशासाठी.

क्रियापदाला ई-डी लागला की नवीन तुकडा प्रत्येक वेळी पडत नाही. मूळ शब्द टी किंवा डी च्या आवाजावर संपत असेल तरच: वॉन्टेड, नीडेड. नाहीतर वॉश्ट, प्लेड, लाइक्ट एकाच तुकड्यात, 'वॉशेड' 'लाइकेड' नाही. ई-एस चं पण तसंच, बसेस, बॉक्सेस, बीचेस मध्ये तुकडा वाढतो, बोट्स मध्ये नाही.

आय-एन-जी किंवा ई-डी लावताना शेवटचं अक्षर डबल करायचं का हा प्रश्न जोरावरून सुटतो. शेवटी एक स्वर, एक व्यंजन आणि जोर शेवटच्या तुकड्यावर असेल तर डबल. 'बिगिन' मध्ये जोर 'गिन' वर, म्हणून बिगिनिंगला दोन एन. 'ओपन' मध्ये जोर पहिल्यावर, म्हणून ओपनिंगला एकच. 'रेफर' मध्ये दुसऱ्यावर, रेफर्डला दोन आर, 'ऑफर' मध्ये पहिल्यावर, ऑफर्डला एक. व्हिजिटेडला एकच टी. 'ट्रॅव्हल' आणि 'कॅन्सल' मात्र ब्रिटिश पद्धतीनं दोन एल घेतात, अमेरिकन एक, आपल्या शाळांत ब्रिटिश चालतं म्हणून दोन लिहा.

डिक्शनरी बघताना

केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत उच्चाराच्या खुणांमध्ये तुकड्यांच्या मध्ये टिंब असतं आणि जोराच्या तुकड्याआधी वर छोटी उभी रेघ असते, शिकणाऱ्यासाठी ती सोयीची. मेरियम-वेबस्टरमध्ये मूळ शब्दातच टिंबं दिसतात, पण ती ओळ संपताना शब्द कुठं तोडायचा हे सांगणारी असतात, उच्चाराची नव्हेत. म्हणून तिथं ड्रायव्हर डी-आर-आय-व्ही / ई-आर असा दिसेल आणि तुम्ही म्हणाल मी चुकीचं शिकवलं. दोन्ही बरोबर आहे, तिथं 'ड्राइव्ह' ला ई-आर लागलाय हे बघून कापलंय आणि आपण कानानं कापतो. या कापाकापीवर वाद जुनाच आहे. नोआ वेबस्टरनं 1783 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं तेव्हा आधीची 'क्लस्टर' ची सी-एल-यू / एस-टी-ई-आर अशी फोड बदलून सी-एल-यू-एस / टी-ई-आर केली, का तर पोर बोलतं तसं तुटावं म्हणून. त्यामुळं मुलानं एक अक्षर इकडंतिकडं कापलं तर भांडू नका. तुकड्यांची संख्या बरोबर हवी आणि प्रत्येकात स्वर हवा, बाकी चालतं.

रोज किती करायचं तर पाच-सहा शब्द पुरे, आणि ते त्या आठवड्याच्या धड्यातलेच घ्या, वेगळी यादी नको. मुलं पुस्तकातल्या इंग्लिश शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहितात, टीचर रागावतात, पण मला ती सवय वाईट वाटत नाही. फक्त सलग 'कॉम्प्युटर' लिहू न देता कॉम / प्यु / टर असं तोडून लिहायला लावा आणि 'प्यु' खाली रेघ. थोड्या दिवसांनी मराठी लिहिणं बंद करून फक्त तिरप्या रेघा, मग त्या पण बंद.

एक सावधगिरी गोव्याची खास. आपल्या गावांच्या रोमन पाट्यांवर हे नियम लावू नका. ती स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची आहेत, इंग्लिश नाहीत. शिवोलीच्या पाटीवर शेवटी एम असतो, तो एम बोलायचा नसतो, नाकातल्या आवाजाची खूण असते. शेल्डे गावाचं नाव एक्स नं सुरू होतं कारण पोर्तुगीजमध्ये एक्स म्हणजे श. मडगाव, आसगाव यांच्या शेवटी ए-ओ असतं, त्याची इंग्लिश जोडी करून वाचलं तर भलतंच होतं. बसमधून जाताना मूल पाट्या वाचत असेल तर हॉटेल, फार्मसी, म्युनिसिपालिटी, बँक यांचे तुकडे पाडू द्या, आणि गावाचं नाव आलं की खालच्या देवनागरी अक्षरांकडं बोट करा.